पोषक वातावरण: चैत्रातील हवामान-अंदाज आणि उद्याच्या ज्ञानाचा प्रश्न

चैत्राच्या सुमारास कोकण आणि गोव्यासाठी पुढील आठवड्याचा जो हवामान-अंदाज प्रसिद्ध होतो, त्याची भाषा वरवर पाहता रुक्ष असते: हवामान उष्ण व दमट राहील, तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता आहे, कमाल तापमानात दोन ते तीन अंशांची वाढ होऊन पुढे फारसा बदल संभवत नाही. तथापि या वाक्यांतील प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील नोंदकेंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर, असा या शब्दांचा ठरलेला अर्थ आहे. आणि ‘शक्यता’ हा शब्द तर वाक्याची शोभा म्हणून येत नाही, तर बोलणाऱ्याला किती ठाऊक आहे याची मर्यादा सांगण्यासाठी येतो. जे अजून घडलेले नाही त्याविषयी खरे बोलता येते का, येत असेल तर त्या खरेपणाचे स्वरूप कोणते, आणि अशा बोलण्यावर विसंबून वागणे कितपत युक्त आहे, हे भारतीय दर्शनांनी जवळजवळ दोन सहस्र वर्षे घोळवलेले प्रश्न या चार ओळींत जसेच्या तसे दडलेले आहेत. विशेष म्हणजे, या प्रश्नांची चर्चा करताना दर्शनकारांनी जो दृष्टान्त वारंवार घेतला, तो पावसाचाच होता.

प्रश्न केवळ पंडितांचा नाही. वसंत हा काव्यात सुखाचा ऋतू असला, तरी किनाऱ्यावर तो धास्तीचाही ऋतू आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोहराचे फळ झालेले असते, हापूस काढणीला येत असतो, आणि नेमक्या याच काळात दोन-चार दिवस मळभ राहिले तर तुडतुडे आणि फुलकिडे वाढतात, अवकाळी सर आली तर करपा पसरतो व फळगळ होते, आणि याउलट ऊन एकाएकी वाढले तर फळ भाजते किंवा आतून साका धरते. मिठागरांत महिनोन्‌महिने आटवत आणलेले पाणी मिठाच्या रूपात हाती येण्याचे हेच दिवस, आणि अर्ध्या तासाची सर ते मीठ पुन्हा पाण्यात घालवते. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील सुकत असतात. त्यांना कोरडे ऊन आणि वारा हवा असतो, आणि भिजलेला बोंबील पुन्हा सुकवता येत नाही. पुढच्या आठवड्याविषयीचे ज्ञान येथे पोटाशी बांधलेले आहे, आणि म्हणूनच त्याचा तात्त्विक विचारही जबाबदारीने करावा लागतो.

किनाऱ्यावरील वसंतातील हवा किती नाजूक कारणांवर तोललेली असते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची तुलनेने थंड हवा आत येते. यालाच खारे वारे म्हणतात. रात्री जमीन लवकर निवते आणि वाऱ्याची दिशा उलटते. ते मतलई वारे. मार्चमध्ये देशावरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे बळकट असले, तर खारे वारे दुपार उलटेपर्यंत अडून राहतात, आणि तेवढ्या दोन-तीन तासांच्या विलंबाने मुंबईचे तापमान चाळिशीपार जाऊ शकते. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझ येथे ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, ते याच ऋतूत. किनारी केंद्रांसाठी उष्णतेच्या लाटेचा निकषही म्हणून वेगळा ठेवलेला आहे: मैदानी प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो, तर किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीहून साडेचार अंशांची वाढ एवढे पुरते. वारा कोणत्या घटकेला वळेल, यावर दिवसाचे सारे रूप ठरते. आणि अंदाजकर्त्याला बोलायचे असते ते सात दिवसांविषयी.

न्यायदर्शनात ज्ञानाच्या साधनांना ‘प्रमाणे’ म्हणतात, आणि त्यांत प्रत्यक्षानंतरचे स्थान अनुमानाचे, म्हणजे जे दिसते त्यावरून जे दिसत नाही ते जाणण्याचे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. भाष्यकार वात्स्यायनाने पूर्ववताचा अर्थ कारणावरून कार्याचे अनुमान असा देऊन उदाहरण घेतले ते दाटून आलेल्या ढगांवरून पाऊस पडेल असे जाणण्याचे, आणि शेषवताचे, म्हणजे कार्यावरून कारण जाणण्याचे, उदाहरण घेतले ते नदीचे पाणी चढून वेगाने वाहू लागले यावरून वर कोठेतरी पाऊस झाला असावा असे जाणण्याचे. हवामानाचा अंदाज हे पूर्ववत् अनुमानाचे केवळ एक उदाहरण नव्हे. तर्कशास्त्राच्या परंपरेने निवडलेले ते त्याचे मूळ उदाहरण आहे.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी या विश्वासावर घाव घालतो. नदी फुगते ती पावसानेच असे नाही, ती अडवल्यानेही फुगते. मुंग्या अंडी तोंडात धरून निघाल्या म्हणजे पाऊस येणार असे लोक म्हणतात, पण वारूळ मोडले तरी त्या निघतात. मोराची केका ऐकू आली म्हणावे, तर माणूसही तिची नक्कल करू शकतो. मग अनुमान हे प्रमाणच नव्हे. यावर दिलेले उत्तर आजही ताजे वाटावे असे आहे. पाणी वाढले एवढेच पाहणारा फसतो; परंतु त्या पाण्याचा वेग, त्यावरचा फेस, वाहून येणारी पाने, फळे आणि लाकडे हे सारे ज्याने पाहिले, तो बांधलेल्या पाण्याला पुराचे पाणी समजणार नाही. चूक होते ती अनुमान करणाऱ्याची, अनुमानाची नव्हे, असा भाष्यकाराचा निष्कर्ष आहे. चिन्ह अधिक बारकाईने पाहिले की व्यभिचार, म्हणजे चिन्ह असून ते ज्याचे चिन्ह आहे ती गोष्ट नसणे, टळतो. वेधशाळेचा सारा व्यवहार याच श्रद्धेवर उभा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मधली, भारतीय हवामान विभागाची १८७५ मधली, आणि त्या काळापासून चालत आलेली कामाची दिशा म्हणजे नदीच्या पाण्यावरील फेस आणि पाने पाहण्याच्या त्या सल्ल्याचाच विस्तार होय: अधिक ठिकाणी, अधिक उंचीवर, अधिक वेळा वेध घेणे.

परंतु हे उत्तर पूर्ण समाधान करणारे नाही, आणि त्याची उणीव शेषवत् व पूर्ववत् या दोहोंतील भेदात आहे. फुगलेल्या नदीचे कारण घडून गेलेले असते. लक्षणे नीट पाहिली तर त्याचा छडा लागतो. पूर्ववत् अनुमानाचा विषय मात्र अजून झालेलाच नाही, आणि ढग व पाऊस यांच्या मध्ये काळाचा एक पट्टा उरतो, ज्यात काहीही आडवे येऊ शकते. कोकणात चैत्र-वैशाखात कित्येक दिवस सकाळी मळभ दाटते आणि दुपारपर्यंत विरून जाते; ढग पाहण्यात कोणाची चूक झालेली नसते. ही अडचण सर्वांत नेमकेपणाने ओळखली ती सातव्या शतकातील बौद्ध नैयायिक धर्मकीर्तीने. कार्यावरून कारणाचे अनुमान निश्चित असते, कारण कारणावाचून कार्य होत नाही. पण कारण असले म्हणजे कार्य होतेच असे नाही. कारणांचा संपूर्ण समुदाय, ज्याला ‘सामग्री’ म्हणतात, जुळून आला असला, तरी त्याचे फळ क्रमाक्रमाने होणाऱ्या परिवर्तनांवर अवलंबून असते आणि त्या क्रमात प्रतिबंध संभवतो. म्हणून सामग्रीवरून ज्याचे अनुमान करता येते ते कार्याचे नव्हे, तर कार्य निपजण्याच्या योग्यतेचे, असे त्याने प्रमाणवार्तिकात प्रतिपादिले आहे.

येथे मराठीतील एका रोजच्या शब्दप्रयोगाकडे लक्ष वेधले पाहिजे. हवामानाच्या बातम्यांत ‘पावसाला पोषक वातावरण’ असे लिहिले जाते. अरबी समुद्रावरून बाष्प येत आहे, महाराष्ट्रावर वाऱ्यांची खंडितता आहे, म्हणजे भिन्न दिशांचे वारे एका रेषेवर समोरासमोर येत आहेत, वरच्या थरात थंड हवा आहे. ही सामग्री होय, आणि तिला ‘पोषक’ म्हणणे म्हणजे योग्यता सांगून कार्याविषयी मौन पाळणे होय. धर्मकीर्तीने जे कारिकांच्या घट्ट भाषेत म्हटले, ते या साध्या विशेषणात उतरले आहे. पाऊस पडला नाही म्हणून ‘पोषक वातावरण आहे’ हे वाक्य खोटे ठरत नाही, आणि हा शब्दच्छल नव्हे. कारण त्या वाक्याचा विषय पाऊस नसून पावसाची योग्यता हा होता, आणि ती योग्यता खरोखरच होती.

ही सामग्री नेहमी डोळ्यांसमोर असते असेही नाही. केरळच्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये आकाश निरभ्र, वारा मंद आणि तरीही समुद्र एकाएकी चढून वस्तीत शिरतो, असा अनुभव जुना आहे. मल्याळी मच्छीमार त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. या लाटांचा उगम हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील वादळांत असतो आणि हजारो किलोमीटरचा प्रवास करून त्या किनाऱ्याला लागतात, त्यामुळे त्यांची सूचना दोन-तीन दिवस आधी देता येते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पूर्ववत् अनुमानासाठी येथे एकही चिन्ह उपलब्ध नसते. त्याला दुसऱ्याच्या शब्दावर, म्हणजे ज्याला न्यायदर्शन आप्तवाक्य म्हणते त्यावर, विसंबावे लागते. आधुनिक अंदाज ऐकणाऱ्यासाठी अनुमान राहत नाही, तो शब्दप्रमाण होतो, ही बाब सहसा ध्यानात येत नाही. आणि मग आप्त कोणाला म्हणावे हा प्रश्न टाळता येत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक उत्तर गुढीपाडव्याला पंचांगश्रवणाच्या रूपाने शतकानुशतके दिले गेले. नव्या संवत्सराचे फळ, मेघांचा अधिपती कोण, पर्जन्यनक्षत्रांची वाहने कोणती, कोल्हा की बेडूक की म्हैस, आणि त्यानुसार पाऊस कसा, हे त्यात सांगितले जाते. प्राचीन परंपरेने ज्योतिषाचे गणित, संहिता आणि होरा असे तीन स्कंध मानले: गणितात ग्रहांच्या गती, होऱ्यात जातकाचे फळ आणि संहितेत पाऊस, पिके, भूकंप अशा सार्वजनिक घटनांची लक्षणे. दापोलीजवळच्या मुरूड या किनाऱ्यावरच्या गावी जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त या साऱ्या परंपरेचा साक्षेपी इतिहास मराठीत लिहिला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, मेघांच्या गर्भधारणेचा विचार आहे: विशिष्ट वारा, ढग आणि आकाशाचा रंग यांसह मेघ ‘गर्भ’ धरतात आणि १९५ दिवसांनी त्याचा प्रसव, म्हणजे पाऊस, होतो. या विचाराची थट्टा करणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. कारण दररोज आकाश पाहून नोंद ठेवा, गर्ग-पराशरादी पूर्वाचार्यांची मते ताडून पाहा आणि गर्भ नष्ट होण्याची कारणेही लक्षात घ्या, असा तिथला आग्रह आहे. गर्भाला अपाय होऊ शकतो, हे मान्य करणे म्हणजे प्रतिबंध मान्य करणेच होय.

खरी अडचण वेगळीच आहे. पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत दिलेली असते आणि ती खरी ठरते. त्याच पंचांगात, त्याच छापील पानांच्या अधिकाराने, पर्जन्याचे फळही दिलेले असते. गणित-स्कंधाने मिळवलेली प्रतिष्ठा संहितेच्या खाती जमा होते. ग्रहणात सामग्री थोडी, तिचा क्रम स्वच्छ, आणि प्रतिबंध जवळजवळ असंभव. पावसात सामग्री अगणित आणि प्रतिबंध पदोपदी. दोन्हींना ‘भविष्य’ हे एकच नाव दिल्यामुळे जो गोंधळ झाला, त्याने मराठी समाजाच्या विचारशक्तीचे मोठे नुकसान केले आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात बुद्धाने श्रमणांना वर्ज्य ठरवलेल्या हीन विद्यांच्या यादीत ग्रहणाचे भविष्य जसे आहे, तसे यंदा पाऊस विपुल होईल की अवर्षण पडेल हे सांगणेही आहे. त्या निषेधाचा रोख जितका ज्ञानावर, त्याहून अधिक त्या ज्ञानाच्या जोरावर उपजीविका करण्यावर, म्हणजे अनिश्चिताला निश्चित म्हणून विकण्यावर आहे.

‘अंदाज’ हा शब्द या दृष्टीने मोलाचा आहे. तो फारसीतून आला, आणि त्याच्या मुळाशी फेकण्याचा, माप घेण्यासाठी टाकून पाहण्याचा अर्थ आहे. भाकीत करणारा जाणतो असा दावा करतो. अंदाज करणारा माप टाकून पाहतो. इंग्लंडमध्ये १८५९ साली ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटल्यानंतर किनाऱ्यासाठी वादळाच्या सूचना सुरू करणाऱ्या रॉबर्ट फिट्झरॉय यांनीही १८६१ पासून वृत्तपत्रात अंदाज देताना हाच भेद जपला. आपण देतो ते भाकीत नव्हे, निरीक्षण व गणिताच्या मेळातून आलेले मत आहे, असे ते लिहीत. लोकांनी मात्र त्याला भाकीत समजूनच जाब विचारला. १८६५ मध्ये त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले, आणि पुढे सूचनाही बंद झाल्या. त्या १८६७ मध्ये पुन्हा सुरू कराव्या लागल्या, कारण दर्यावर्दी लोकांना त्या हव्या होत्या. ज्यांचा जीव समुद्रावर जात होता, त्यांना न चुकणाऱ्या सूचनेची अपेक्षा नव्हती. चुकू शकणारी सूचनाही नसणे त्यांना परवडणारे नव्हते.

विसाव्या शतकात हाच प्रश्न गणिताच्या अंगाने उभा राहिला. नॉर्वेच्या विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्ये असे मांडले की वातावरणाची आजची स्थिती पुरेशी अचूक ठाऊक असेल आणि एका स्थितीतून दुसरी कशी निघते याचे भौतिक नियम ठाऊक असतील, तर उद्याचे हवामान गणिताने काढता येईल. लुई फ्राय रिचर्डसन या क्वेकर पंथाच्या, म्हणजे युद्धाला धर्मतः नकार देणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवीत असताना हे गणित हाताने करून पाहिले. उत्तर आले ते सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढण्याचे, जे अशक्य होते. प्रत्यक्षात दाब जवळजवळ बदललाच नव्हता. रिचर्डसन यांनी ही फसगत न लपवता १९२२ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर छापली. ज्ञानाच्या इतिहासात सत्यनिष्ठेची अशी उदाहरणे विरळा, आणि आजचे सारे संगणकीय अंदाज त्या छापलेल्या चुकीचे ऋणी आहेत.

त्यानंतर १९६३ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी जे दाखवले, त्याचा दर्शनशास्त्राने जितका विचार करावा तितका केलेला नाही. नियम पूर्णतः निश्चित असले, यदृच्छेला कोठेही वाव नसला, तरी आरंभीच्या स्थितीतील अतिसूक्ष्म फरक वाढत जाऊन काही काळाने दोन पूर्ण भिन्न स्थिती देतो. आणि आरंभीची स्थिती संपूर्ण अचूकपणे मोजणे कधीच शक्य नसल्यामुळे दिवसागणिक हवामान सांगण्याला सुमारे दोन आठवड्यांची मर्यादा पडते. बुद्धाचा समकालीन आजीवक आचार्य मक्खलि गोसाल याने नियतिवाद सांगितला होता: सुताचा गुंडा फेकावा आणि तो सूत संपेपर्यंत उलगडत जावा, तसे सर्व प्राणी नियत मार्गानेच जातात, प्रयत्नाला अर्थ नाही. नियतिवादाला दिली गेलेली उत्तरे बहुधा नियती नाहीच असे म्हणणारी होती. लॉरेन्झ यांच्या शोधाने तिसरी वाट उघडली: सूत जरी आधीच गुंडाळलेले असले, तरी ते कसे उलगडेल हे वाचणारा कोणी मर्त्य असू शकत नाही. भवितव्य ठरलेले असणे आणि ते जाणता येणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांना एक मानण्यावरच भविष्यवेत्त्याचे दुकान चालते. ॲरिस्टॉटलने उद्या समुद्रावर लढाई होईल की नाही, हे वाक्य आजच खरे किंवा खोटे असते का, असा प्रश्न विचारला होता. उद्या समुद्रावर वारा कसा असेल, याविषयी आता निदान एवढे म्हणता येते की ते आज ठरलेले असो वा नसो, ते संपूर्ण ठाऊक असल्याचे सोंग करणे असत्य आहे.

या मर्यादेतून निघालेला उपाय मोठा अर्थपूर्ण आहे. एकाच गणितावर भिस्त न ठेवता आरंभीच्या स्थितीत किंचित फरक करून तेच गणित अनेकदा सोडवले जाते, आणि त्या साऱ्या उत्तरांचा समूह पाहिला जातो. युरोपातील मध्यमावधी अंदाज केंद्राने १९९२ पासून आणि भारताने २०१८ पासून १२ किलोमीटरच्या बारकाईने ही समूह-पद्धत रूढ केली. सर्व उत्तरे एकमेकांजवळ राहिली तर अंदाज खात्रीने दिला जातो, पांगली तर ‘शक्यता’ शब्द पुढे येतो. जैन दर्शनातील स्याद्वादाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. वस्तू अनंतधर्मी असल्याने तिच्याविषयीचे प्रत्येक विधान ‘स्यात्’ या पदाने मर्यादित करावे, असे तो सांगतो. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये स्याद्वाद आणि संभाव्यतेचे शास्त्र यांच्यातील साम्यावर लिहिले, आणि तेच महालनोबिस १९२२ पासून काही वर्षे कोलकात्याच्या अलीपूर वेधशाळेत काम करीत होते. तरीही एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ‘स्यात्’ याचा अर्थ ‘कदाचित’ असा नाही. तो ‘एका अपेक्षेने’, ‘एका दृष्टीने’ असा आहे, आणि जैन आचार्यांनी स्याद्वादाला संशयवाद म्हणणाऱ्यांना निक्षून विरोध केला आहे. साम्य आहे ते टक्केवारीत नव्हे, तर विधानाने स्वतःची मर्यादा स्वतःच्या अंगावर वागवण्यात. दक्षिण कोकणात वळिवाची सर आणि उत्तर कोकणात कोरडी हवा, दुपारपूर्वी भाजून काढणारे ऊन आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याचा गारवा, हे एकाच आठवड्याविषयी, एकाच किनाऱ्याविषयी, आपापल्या अपेक्षेने खरे असते.

मग अशा मर्यादित ज्ञानावर माणसाने वागावे कसे? चार्वाकाने अनुमानाचे प्रामाण्य नाकारले, कारण सर्व ठिकाणच्या आणि सर्व काळच्या धुरामागे अग्नी असतो हे कोणी पाहिलेले नाही. व्यवहार चालतो तो निश्चयावर नव्हे, संभावनेवर, असे त्याचे म्हणणे. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत यावर दोन बाजूंनी उत्तर दिले. संभावना हाही एक प्रकारचा संशय आहे, आणि जो केवळ दिसते तेच मानतो त्याला दिसलेल्याविषयी होकाराचा व न दिसलेल्याविषयी नकाराचा निश्चयच होईल, संशयाला जागा उरणार नाही; दुसरे असे की संशयालाही सीमा असते, आणि ती सीमा म्हणजे संशय घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीशी येणारा विरोध. आंब्याचा बागायतदार हे उत्तर रोज जगत असतो. आज फवारणी केली आणि उद्या सर आली तर औषध धुऊन जाते. फवारणी टाळली आणि मळभ राहिले तर तुडतुडा फळ घालवतो. संभाव्यता चाळीस टक्के की साठ, यावर तो बोलत बसत नाही. पण त्याच्या कृतीतून त्याचा निश्चय कोठे होता हे दिसतेच. चार्वाकाच्या बाजूने एवढे मात्र मान्य केले पाहिजे की संभावनेला ज्ञानाच्या अंगणात स्वतंत्र जागा देण्याची गरज त्याला जाणवली होती, आणि ती जागा मोजमापासह तयार व्हायला पुढे बरीच शतके लागली.

अंदाजाच्या शेवटी पुष्कळदा एक निराळ्या जातीचे वाक्य येते: मच्छीमारांनी अमुक दिवशी समुद्रात जाऊ नये. मीमांसादर्शनाच्या दृष्टीने पाहिले तर येथे वाक्याची जातच बदलते. वेदवाक्यांचा अर्थ लावताना मीमांसकांनी कर्तव्य सांगणारा विधी, अकर्तव्य सांगणारा निषेध आणि त्यांना बळ देणारी वर्णनपर वाक्ये, म्हणजे अर्थवाद, असे भेद केले. ‘वाऱ्याचा वेग वाढण्याची शक्यता आहे’ हे येथे अर्थवादाच्या जागी आहे. खरे वजन ‘जाऊ नये’ या निषेधाचे आहे, आणि निषेध घटनेने खरा-खोटा होत नाही. वारा वाढला नाही तरी होडी ओढून ठेवणे चुकीचे ठरत नाही. मात्र यातून अंदाजकर्त्याची जबाबदारी कमी न होता वाढते, कारण निषेध पाळणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि ज्याचे जाळे कर्जावर घेतलेले आहे त्याला ती बुडणे जड जाते. स्वतःवर ठपका येऊ नये म्हणून दिलेला इशारा आणि दुसऱ्याच्या जिवाच्या काळजीने दिलेला इशारा शब्दशः सारखे असू शकतात. धर्माच्या दृष्टीने ते एक नव्हेत.

किनाऱ्यावरच्या श्रद्धांनी या अनिश्चिततेला आपापले शब्द दिले आहेत. कोकणी मुसलमान उद्याचा बेत सांगताना ‘इन्शा अल्लाह’ म्हणतो, आणि कुराणाच्या अठराव्या सूरेत उद्याचे काम अमुक करीन असे त्याशिवाय म्हणू नये, अशी आज्ञा आहे. वसईच्या ख्रिस्ती माणसाच्या नव्या करारातही, याकोबाच्या पत्रात, प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू व अमुक करू असे म्हणावे, अशी शिकवण आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैव तेथे एकमेव कारण नाही आणि कारणांच्या बाहेरही नाही. ते चारांनंतरचे पाचवे आहे. दैवावर हवाला ठेवून वलांडीवरचे बोंबील न काढणारा या गणतीतील चार कारणे विसरतो, आणि अंदाज चुकला म्हणून वेधशाळेला दोष देऊन मोकळा होणारा पाचवे विसरतो.

अंदाजाचे प्रामाण्य ठरते केव्हा, हा प्रश्न शेवटी उरतो, आणि त्यावर न्याय व मीमांसा यांच्यातील जुना वाद लागू पडतो. नैयायिकांच्या मते ज्ञान खरे होते हे बाहेरून, त्याला अनुसरून केलेली कृती सफल झाल्यावर कळते. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असते, आणि बाधक ज्ञान येईपर्यंत त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नसते. हवामानशास्त्राची संस्था न्यायाच्या वाटेने चालते: प्रत्येक अंदाज मागाहून नोंदींशी ताडला जातो, आणि अशा ताडण्यातूनच गेल्या काही दशकांत तीन ते दहा दिवसांच्या अंदाजांची उपयुक्तता दर दहा वर्षांत सुमारे एका दिवसाने पुढे सरकली आहे. बोंबील सुकवणारी कोळीण मात्र त्या पडताळ्यासाठी थांबू शकत नाही. तिन्हीसांजेला मळभ आहे, मतलई वारा अजून सुटलेला नाही, भ्रमणध्वनीवर ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ असे आले आहे, आणि वलांडी भरलेली आहे. तिला मीमांसकांप्रमाणे हाती आलेले ज्ञान प्रमाण धरून आत्ताच ठरवावे लागते, आणि ते खरे होते की नाही हे नैयायिकांप्रमाणे तिला उद्या सकाळी कळणार असते.